ओळख असू द्या

लिंक्डइनच्या मते मी पाचशेहून अधिक माणसांना ओळखतो. पाचशेपर्यंत तिथे नीट मोजणी होते, मग आकडा दाखवायचं सोडून देतात आणि पुढे अधिकचं चिन्ह लावतात. ते चिन्ह माझ्या नावाखाली लागलं त्या संध्याकाळी मी बायकोला हाक मारून स्क्रीन दाखवला. तिने चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "यांतले आपल्या वास्तुशांतीला कितीजण होते रे?"

हेवा माणसाला कुठल्या थराला नेतो पाहा.

नोकरी गेल्यावर हाच प्रश्न मला जरा वेगळ्या रूपात पडला. यांतल्या किती जणांना मी सरळ फोन लावू शकतो? यादी काढायला बसलो. एक मोठा गट म्युच्युअल फंडवाल्यांचा निघाला. त्यांना फोन लावायची सोय नाही, कारण ते उचलतात. दुसरा गट कुठल्या कुठल्या परिषदांत जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे उभे राहिलेल्यांचा. सॅन होजेचे एक गृहस्थ आहेत. त्यांनी मला का जोडलं आणि मी हो का म्हटलं, हे आम्हा दोघांनाही माहीत नाही. आणि माझे एक जुने साहेब. त्यांच्या वाढदिवसाला मी दर वर्षी यंत्राने सुचवलेल्या शुभेच्छा पाठवतो, ते यंत्राने सुचवलेले आभार मानतात. या संबंधातून दोन्ही माणसं कधीच उठून गेली आहेत, पण संबंध सुरळीत चालू आहे.

मी तंत्रलेखक आहे. म्हणजे यंत्राबरोबर जी पुस्तिका येते आणि जी कुणी वाचत नाही, ती मी लिहितो. वाचलीच तर काहीतरी बिघडल्यावर, आणि तेही दात-ओठ खात. तरीही माझ्या गद्याला एक निष्ठावंत वाचकवर्ग आहे अशी माझी समजूत होती. हिंजवडीतल्या कंपनीने पुनर्रचनेत आमचं खातंच काढून टाकलं तेव्हा वाटलं, आता फोनवर फोन येतील. आले. सगळे गृहकर्जाचे होते.

त्यातून आमच्या घरात 'ओळखीवर लागला' ही शिवी होती. आपण कसं, मार्कांवर पुढे जायचं. माझी पहिली नोकरी मी संपूर्णपणे गुणवत्तेवर मिळवली. जाहिरातीचं कात्रण मामाने पाठवलं होतं, एवढंच. मुलाखत घेणारे गृहस्थ मामाच्या कॅरमच्या अड्ड्यावरचे निघाले. पण कॅरमचा आणि माझ्या गुणवत्तेचा संबंध जोडणं हा निव्वळ कोतेपणा आहे, आणि मामा तो दर भाऊबीजेला न चुकता करतो.

अशा माणसाला वयाच्या पन्नाशीत नेटवर्किंग शिकवायची जबाबदारी माझ्या भाच्यावर येऊन पडली. तो खराडीत काहीतरी करतो. काय करतो ते त्याने मला अनेकदा समजावलंय, आणि दर वेळी मी 'वा' म्हटलंय. त्याने आधी माझा फोटो बदलायला लावला. जुन्या फोटोत माझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता. लग्नातल्या ग्रुपमधून मी स्वतःला कापून घेतलं होतं. मग तो हिरवा पट्टा आला. २०२०मध्ये निघालेली ही सोय आहे: फोटोभोवती हिरवी कड येते आणि जगाला कळतं की हा माणूस काम शोधतोय. दुसरा पर्यायही आहे. कड लावायची नाही, फक्त भरती करणाऱ्यांनाच कळू द्यायचं आणि शक्यतो आपल्या सध्याच्या कंपनीपासून लपवायचं. मला अर्थातच तो खानदानी पर्याय हवा होता. भाचा म्हणाला, "मामा, लपवायला कंपनी लागते."

मात्र एका रकान्यात मी सगळ्यांच्या वर निघालो. आमच्या धंद्यात तीन-तीन महिन्यांची नोटीस असते. नवा माणूस हवा म्हणून निवडावा तर तो एक अख्खा ऋतू जुन्या ठिकाणी अडकून पडतो, आणि तेवढ्यात तिसराच कुणीतरी त्याला जास्त पगार देऊन घेऊन जातो. त्यामुळे 'उद्यापासून येतो' म्हणणाऱ्याला बाजारात भाव आहे. भाच्याने माझ्या नावाखाली ठळक अक्षरांत लिहिलं, इमीजिएट जॉइनर. आईला वाटलं बढती झाली. मी तिचा गैरसमज दूर करायची घाई केली नाही.

मग संदेश. इथे मी भाच्याला बाजूला सारलं, कारण लिहिणं हा माझा प्रांत. मी वरून सुरुवात केली: व्हाइस प्रेसिडेंट, डायरेक्टर, एक-दोन संस्थापक. वरच्या माणसाला आपली योग्यता चटकन कळते असा माझा सिद्धांत होता. प्रत्येक संदेशात क्रमवार पायऱ्या होत्या, शेवटी 'अडचण आल्यास' असा परिच्छेदही होता. उत्तरं आली ती अशी: "शुअर, सीव्ही पाठवून ठेवा." एकाने नुसता वर केलेला अंगठा पाठवला. मी तो अंगठा बराच वेळ निरखला. त्यात मला उमेद दिसत होती.

भाच्याने मग एक संशोधन पुढे केलं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३मध्ये एक निबंध छापला. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या, नुकतीच नोकरी बदललेल्या माणसांना त्याने विचारलं होतं की ज्याच्याकडून नोकरीची खबर लागली तो तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटायचा? ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती त्यांच्यातल्या जेमतेम १६.७ टक्क्यांची ती ओळख नेहमीच्या भेटीतली होती. ५५.६ टक्क्यांची अधूनमधून भेटणारी, आणि २७.८ टक्क्यांची तर क्वचित. कारण सरळ आहे. जिवलग मित्राला तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. त्याची माणसं ती आपलीच माणसं. लांबचा माणूस दुसऱ्या आळीत उठतो-बसतो, त्याच्या कानावर वेगळं पडतं. पुढे २०२२मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आणखी मोठा अभ्यास आला. 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून लिंक्डइन जे चेहरे सुचवतं, त्याचं सूत्र पाच वर्षं बदलून बदलून दोन कोटी माणसांवर काय परिणाम झाला ते पाहिलं होतं. निष्कर्ष साधारण तोच: फार जवळचे नकोत, अगदीच परकेही नकोत, मधले, जरा पातळ ओळखीचे कामाला येतात.

"म्हणजे तू माझ्या उपयोगाचा नाहीस," मी भाच्याला म्हटलं.

"काहीच नाही," तो म्हणाला. "पण तुमच्या पिढीला हे नेटवर्किंग प्रकरण नवीनच, त्यामुळे..."

नवीन? आता इथे मी आजोबांवर जाणार आहे. घरातले सगळे या ठिकाणी उठून पाणी प्यायला जातात. वाचकांनाही मोकळीक आहे.

माझे आजोबा संगमेश्वर तालुक्यातून जयगडला आले, तिथून बोटीने मुंबईला, आणि धक्क्यावरून थेट लालबागेत गावकीच्या खोलीवर. खोली एक, माणसं गावभर. भिंतीला खुंट्या, खुंटीला सदरा, खाली ट्रंक. रातपाळीवाला उठून गेला की त्याच्या वळकटीच्या जागी दिवसपाळीवाला पडायचा, त्यामुळे काही जणांनी वर्षानुवर्षं एकाच जागी झोपूनही एकमेकांना जागं म्हणून पाहिलं नव्हतं. महिन्याची वर्गणी ठरलेली. गावाहून पोरगा आला की त्याला विचारायचे, कुणाचा कोण? तो सांगायचा, अमक्याचा पुतण्या, तमक्या वाडीचा. झालं. प्रोफाइल संपलं. फोटो नाही, कौशल्यं नाहीत, 'ध्येयवादी आणि संघभावनेने काम करणारा' नाही. धोबीतलावला गोव्याच्या खलाशांची कूडं होती, त्यांचंही थोडंफार असंच. गावागणिक कूड वेगळं, संध्याकाळी एकत्र प्रार्थना, आणि जहाजावर जागा मिळेपर्यंत डोक्यावर छप्पर.

जेवण खानावळीत, उधारीवर, पगार झाला की चुकतं करायचं. आजोबा सांगायचे की कुठल्या गिरणीत माणूस कमी पडलाय हे खानावळवाल्या बाईला साहेबाच्या आधी कळायचं. पाटावर कोण आला नाही, कुणाची पाळी बदलली, कोण आजारी पडून गावी गेला, सगळं भाकऱ्यांच्या हिशेबात दिसायचं. "तुझ्या त्या कंपनीत एच्चार का काय ते असतं ना," ते मला म्हणायचे, "त्या बाईला तसलं काही लागत नव्हतं. तिला भाकऱ्या मोजता येत होत्या."

आणि मग मुकादम, म्हणजे जॉबर. कामावर घेणं त्याच्या हातात, काढणं त्याच्या हातात. रजा हवी तर तो, खोली हवी तर कधीकधी तोच, आणि कर्ज हवं तर बहुतेक तोच. सकाळी गिरणीच्या दारात बदली कामगार उभे राहायचे आणि तो बोट करायचा: तू, तू, आणि तू. बोट कुणाकडे वळायचं? गाववाल्याकडे, नात्यातल्याकडे, आणि दस्तुरी पोचवलेल्याकडे. आजोबांनी मुकादमाकडे फणस नेला होता. बोटीतून, मांडीवर घेऊन. मुकादमाने तो बोटांनी वाजवून पाहिला, कापा का बरका ते विचारलं, आणि सोमवारी दारात ये म्हणाला. आमच्या घराण्यातली ही पहिली मुलाखत, आणि ती फणसाने दिली. १९३१मध्ये मजुरांच्या प्रश्नावरच्या शाही आयोगाने म्हटलं की जॉबरच्या हातून हा अधिकार काढून घ्या. १९३५पासून मुंबईच्या गिरण्यांत बदलीवाल्यांना कार्डं मिळू लागली. पण बोट काही लगेच खाली आलं नाही.

मी हे सगळं फार रंगवून सांगतो. फणसाचा वास येईपर्यंत सांगतो. आणि दर वेळी त्यातली एक गोष्ट गाळतो. मुंबईच्या गिरण्यांत सगळ्यांत चांगला पगार विणकाम खात्यात होता, आणि त्या खात्यात दलित कामगारांना पाऊल टाकू देत नव्हते. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून छिद्रातून बाहेर काढावा लागे. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागायचं, आणि ते सवर्ण कामगारांना चालणार नव्हतं. १९२८च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न मांडला होता. जी खोली आजोबांना पहिल्या रात्री झोपायला जागा देत होती, तिच्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाला त्यांच्यासारखाच फणस आणता आला असता. त्याचा तो कुणी वाजवून पाहिला नसता.

आजोबा विणकाम खात्यात होते. गुणवत्तेवर.

हे डोक्यात आलं की माझी पाचशेहून अधिकची यादी मी जरा वेगळ्या नजरेने चाळतो. आडनावं पाहिली, कॉलेजं पाहिली, पत्ते पाहिले. कोथरूड, बाणेर, कर्वेनगर, पुन्हा कोथरूड. सॅन होजेचे ते गृहस्थ मूळचे कोथरूडचे निघाले. कंपन्यांतून हल्ली रीतसर रेफरल घेतात: आतल्या माणसाने आपल्या कर्मचारी क्रमांकासह नाव सुचवायचं, आणि तो सीव्ही निदान माणसाच्या डोळ्यांखालून जातो. बाकीचे संकेतस्थळावर भरले जातात आणि शब्द जुळले नाहीत तर तिथेच राहतात. आत कुणी असणं, एवढाच काय तो फरक, आणि आत कोण आहे ते पिनकोडवरून कळतं.

असो. तर 'तुम्ही यांना ओळखत असाल' मध्ये एक दिवस एक चेहरा आला. ओळखत होतो, पण कुठून ते कळेना. मग लक्षात आलं, कंपनीच्या बसमधल्या बाई! बऱ्याच वर्षांपूर्वी त्या आमच्याच इमारतीत टेस्टिंगला होत्या, डहाणूकर कॉलनीच्या थांब्यावर चढायच्या. बोलणं झालं असेल ते पावसावर आणि चांदणी चौकावर. पातळ ओळख म्हणतात ती याहून पातळ करता येणार नाही. मी संशोधनाला मान देऊन त्यांना संदेश पाठवला. या वेळी पायऱ्या न घालता, दोनच ओळी. नोकरी मागितली नाही, त्यांच्याकडे पुस्तिका कोण लिहितं एवढं विचारलं. हे भाच्याचं शिक्षण: काम मागितलं की माणूस दार लावतो, माहिती विचारली की खुर्ची देतो.

संध्याकाळी त्यांचा फोन. "सर, तुम्ही ना ते... वाकडच्या पुलापाशी उठवावं लागायचं ते?"

मी म्हटलं, मी तंत्रलेखन विभागाचा प्रमुख होतो.

"हो हो, तेच. तोंड उघडं टाकून झोपायचात. आम्ही पाळी लावली होती, कुणी हलवायचं त्याची." मग त्या जरा थांबल्या. "पण जागे असलात ना की मांडीवर कागद घेऊन लाल पेनने खुणा करत असायचात. सगळी बस गाण्यांत, आणि तुम्ही स्वल्पविराम काढताय. आमच्याकडे पुस्तिका वाचून गिऱ्हाईकं शिव्या घालतात हो. येता का बोलायला?"

व्हाइस प्रेसिडेंट लोकांना मी माझी सगळी पारितोषिकं कळवली होती. लाल पेन कुणालाच कळवलं नव्हतं.

त्यांच्या कंपनीच्या खराडीतल्या स्वागतकक्षात मी मुलाखतीला बसलो होतो, शेजारी एक मुलगा. उदगीरचा. इस्त्रीचा शर्ट, प्लास्टिकची फाइल, त्यात सगळ्या गुणपत्रिका दोन-दोन प्रतींत. बसल्या बसल्या त्याने विचारलं, "सर, तुमचं आत कुणी आहे का?"

मी म्हटलं, आहे.

त्याने मान डोलावली, बसची वेळ विचारून झाल्यासारखी. राग नाही, हेवा नाही. त्याचं आत कुणी नव्हतं. गेले काही महिने तो संकेतस्थळांवर अर्ज भरत होता, आणि हे बोलावणं त्यातून आलेलं पहिलंच. मला काहीतरी मोलाचं सांगावंसं वाटलं. मी त्याला ग्रॅनोव्हेटर सांगितला. न्यूटन गाव, टक्केवारी, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग तुमचा नंबर देता का? मी नाही लागलो आणि तुम्ही लागलात, तर माझं आत कुणी होईल."

पाच मिनिटांची ओळख. याहून पातळ करता येणार नाही असं मी बसमधल्या बाईंबद्दल म्हटलं, ते मागे घेतो.

तो लागला नाही. मी लागलो. पूर्वीपेक्षा हुद्दा एक पायरी खाली, पगारही थोडा खाली. लिंक्डइनवर लिहिताना हुद्द्यातला 'असिस्टंट' हा शब्द दुसऱ्या ओळीत जाईल अशी मी व्यवस्था केली. जुन्या साहेबांनी यंत्राने सुचवलेलं अभिनंदन केलं.

उदगीरचा मुलगा दर सोमवारी फोन करतो. "सर, टिकलात ना?" टिकलो म्हणतो मी. एवढी थेट चौकशी माझी त्या काळात दुसऱ्या कुणी केली असेल तर ती बसमधल्या बाईंनी. रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन विचारायच्या, बरंय ना, झोप लागते ना, मॅनेजर त्रास देत नाही ना. एकदा मला साधा खोकला झाला तर आल्याच्या वड्या घेऊन आल्या. मी घरी सांगितलं की काही माणसं उपजतच माया लावणारी असतात. बायकोने विचारलं, "रेफरलचा बोनस कधी मिळतो त्यांना?"

विचारलं तर खरंच बोनस होता. सुचवलेला माणूस तीन महिने टिकला की सुचवणाऱ्याला पैसे. म्हणजे त्या वड्या ही गुंतवणूक होती. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर आपल्या डोक्यावर रोख रक्कम लागली आहे या कल्पनेने छाती थोडी फुगली. आजोबांना नोकरी लागायला फणस द्यावा लागला होता. माझ्या पायी उलट दुसऱ्याला पैसे मिळणार होते. तीन महिने भरून गेल्यावर एक दिवस मी चौकशीचं ओझं त्यांच्यावर पडू दिलं नाही, स्वतःच त्यांच्या टेबलापाशी गेलो. उदगीरच्या मुलाचा सीव्ही माझ्या कर्मचारी क्रमांकाने कसा चढवायचा ते आधी विचारून घेतलं. त्यांनी दाखवलं. त्याच्या नावापुढे 'विचाराधीन' असं आलं, ते अजून तसंच आहे, आणि सोमवार काही चुकलेला नाही. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय घेतलंत मग माझ्या पैशांचं?"

"वॉशिंग मशीन घेतलं, सर."

"वा! फ्रंट लोड?"

"कसलं फ्रंट लोड," त्या म्हणाल्या. "टॅक्स कापून आले हो पैसे. सेमी-ऑटोमॅटिक घेतलं. आणि त्याची पुस्तिका कोणी लिहिलीय कोण जाणे, एक अक्षर समजत नाही. तुम्ही जरा बघाल का?"